ऑर्लिन स्कारचा चौथा नकार

नॉर्बी गावात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढा त्रास घेतलाच आहात तर..." असं पुटपुटत घ्यायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या भागात ते रक्तातच असतं, आणि जो पहिल्याच वेळी हो म्हणतो तो एकतर परगावचा असतो किंवा त्याला घरी वळण लावलेलं नसतं. ऑर्लिन स्कारला वळण फार उत्तम होतं. त्या वळणापायीच तो गेल्या जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर बूड टेकून बसून राहिला होता.

ऑर्लिन सत्तरी ओलांडलेला गडी. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला, त्यामुळे हात मजबूत आणि पाय नावापुरते. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको जॉइस गेली. दुसऱ्याच दिवसापासून गावातल्या बायका त्याच्या दारात हॉटडिशची भांडी घेऊन उभ्या राहू लागल्या. खाली खिमा, मध्ये घट्ट सूप, वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचा थर, आणि हे सगळं भट्टीत खरपूस भाजलेलं. नॉर्बीत दुःखावर दुसरं औषध नाही. ऑर्लिनला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं, तेव्हा त्याने ते दुःख मुकाट्याने खाल्लं. वर्षभरात त्याच्या पँटा आखडल्या, शुगर वाढली आणि जिना चढताना तो मध्येच थांबून भिंतीवरचे फोटो बघू लागला. ते फोटो त्यानेच टांगलेले होते.

तर गेल्या जानेवारीत तो त्याच्या जिवाभावाच्या दोस्ताबरोबर, ड्वेनबरोबर, बर्फावर मासे धरायला गेला. दोघं पोरवयापासून जात आलेले. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा, बादलीवर बसायचं आणि दिवसभर एकमेकांशी अजिबात बोलायचं नाही, असा तो बेत. ड्वेन आमिष आणायला गाडीकडे गेला असताना ऑर्लिन भोकातला बर्फाचा चुरा काढायला गुडघ्यावर बसला, घसरला, आणि मग उठताच येईना. शेजारच्या तंबूतलं एक तरुण जोडपं धावत आलं. बिचारे पार वाळवंटातल्या ॲरिझोनाहून सहलीला आले होते.

"काका, मदत हवीये का?"

"छे छे, नको. मी मजेत आहे."

"नक्की ना?"

"हो हो, नक्की. जरा टेकलोय."

झालं. ऑर्लिन तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसला आणि जोडपं "बरंय मग, मजा करा!" म्हणून हसत हसत निघून गेलं. ड्वेन परत आला तेव्हा ऑर्लिनची दाढी पांढरी पडली होती, म्हणजे होती त्याहून जास्त. ड्वेनने ओढून पाहिलं, काखेत हात घालून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं. शेवटी बर्फावर पळवायच्या स्नोमोबील गाडीला दोर बांधून त्याने ऑर्लिनला किनाऱ्यापर्यंत ओंडक्यासारखं ओढत नेलं. वाटेत जेवढ्या मासेमारांचे तंबू लागले त्या सगळ्यांना ऑर्लिनने पडल्या पडल्या हात हलवून नमस्कार केला. न करणं बरं दिसलं नसतं.

त्या संध्याकाळी ड्वेन म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात तुला नेणार नाही."

"अरे, एकदा झालं..."

"जमिनीवरून आपलं आपण उठून दाखव. मग नेतो. नाहीतर घरात बस आणि टीव्हीवर मासे बघ."

ड्वेन जन्मात एवढं लांब बोलला नव्हता. जॉइस गेल्यापासून घर असं मुकं झालं होतं की फ्रिज घुरघुरला तरी त्याला बरं वाटायचं. एकटं असणं वेगळं आणि कुणाशेजारी गप्प बसणं वेगळं, आणि हे दुसरं त्याला आता फक्त त्या बर्फावर मिळत होतं. तेही गेलं तर मग उरलं काय, या विचाराने तो माणूस खरोखर घाबरला.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीने त्याला समजावलं. अर्धं ताट भाज्या, पाव ताट मासा-अंडं-डाळी, पाव ताट धान्य. ऑर्लिन म्हणाला, भाज्या तर मी रोज खातो. चौकशीअंती कळलं की तो बटाट्याला भाजी म्हणत होता आणि हिरव्या गोड जेलीत थरथरणाऱ्या गाजराच्या किसाला सॅलड. मुलीने पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

व्यायामाची सोय मात्र गावातच होती. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात मार्लिस म्हातारा-म्हातारींचा वर्ग घेई. मार्लिस शाळेत कवायतीची बाई होती. निवृत्त झाली तरी शिट्टी काही गळ्यातून उतरली नव्हती. खुर्ची धरून उठबशा, टाचा वर, एका पायावर उभं राहणं, असा अर्धा तास घाम काढायचा आणि मग तासभर कॉफी आणि मार्लिसच्या लिंबाच्या वड्या. खाली लोण्याचा भुसभुशीत थर, वर आंबटगोड पिवळा, त्यावर पिठीसाखर. वर्गाला यायचे ते सगळे कशासाठी यायचे हे देवाला ठाऊक होतं, आणि तो वरच्या मजल्यावरच राहत होता.

"वडी घे, ऑर्लिन."

"नको, मार्लिस. खरंच नको."

"अरे, छोटीशी."

"नको गं, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय घरी येऊन बघतायत? घे, घे."

आणि वडी ताटलीत पडायची. ऑर्लिनची खरी पंचाईत इथे होती. त्याला मनापासून नको होती, पण नॉर्बीत मनापासूनचं नको आणि शिष्टाचाराचं नको हुबेहूब सारखं ऐकू येतं. मिनिॲपोलिसहून त्याची लेक हायडी फोनवर चिडायची. "बाबा, सरळ तोंडावर नाही म्हणा ना!" तिला म्हणायला काय जातंय? ती शहरात राहून पार बिघडली होती.

एप्रिल उजाडला तरी ऑर्लिनला गालिच्यावरून उठताना सोफा, टेबल आणि देवाचा धावा तिन्ही लागत होते. मग एका मंगळवारी मार्लिसने तिसऱ्यांदा "घे, घे" म्हटलं आणि ऑर्लिनने ताटलीवर आपला पंजा आडवा धरला.

"नको," तो म्हणाला. मार्लिस हसली आणि चौथ्यांदा वडी पुढे केली. "नको म्हणजे नको, मार्लिस."

कुणाचा तरी चमचा बशीत वाजला. मार्लिसने वडी परत ताटात ठेवली, तिच्या कडेची साखर बोटाने सारखी केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काही हरकत नाही." नॉर्बीत याच्यापुढे फक्त गोळीबार उरतो.

दुपारपर्यंत गावभर झालं की ऑर्लिनला काहीतरी मोठा आजार आहे, पोटाचाच असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हॉटडिशची तीन भांडी आली. त्यातलं एक डबल चीजचं होतं, कारण आणणाऱ्या बाईच्या मते प्रकृती फारच गंभीर होती. पाठोपाठ पाद्रीबाबा आले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "घाबरतोयस का, ऑर्लिन?" ऑर्लिन म्हणाला, "हो, या भांड्यांना."

मार्लिसचं मात्र जिव्हारी लागलं होतं. दुकानात भेटली तर ती त्याच्याशी इतकं अदबीने बोलायची की ऑर्लिनला घाम फुटायचा. शेवटी एका संध्याकाळी तो तिच्या दारात गेला. तिने कॉफी विचारली. तो दोनदा नको म्हणाला. तिने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. मग ऑर्लिन तसाच उंबऱ्यात उभा राहून, आपल्या बुटांकडे बघत, नॉर्बीत सहसा कुणी बोलत नाही असं बोलला.

"मार्लिस, तुझी वडी वाईट नाहीये. इतकी चांगली आहे की तीच माझा जीव घेईल. मला जमिनीवरून उठता येत नाही. उठता आलं नाही तर ड्वेन मला बर्फावर नेणार नाही. आणि त्या घरात आख्खा हिवाळा एकट्याने बसायची मला भीती वाटते गं."

मार्लिसने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाली, "हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"चार वेळा नको म्हणालो की!"

"नुसत्या नकोवरून माणसाला काय कळणार?" ती म्हणाली, आणि बाजूला झाली. "आत ये. स्वयंपाकघरात जमिनीवर बस. बघू तरी किती वाट लागलीय."

बरीच लागली होती. पण मार्लिसने आयुष्यभर याहून ढिम्म पोरं दोरावर चढवली होती. आधी कुशीवर वळ, मग हातगुडघ्यांवर ये, मग मजबूत पाय पुढे, खुर्चीवर हात, आणि श्वास सोडत वर. श्वास कोंडून धरायचा नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत. ऑर्लिनला पहिलं जमलं, दुसरं जमेना.

गावाला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण आठवड्याभरात वारं फिरलं. आता दारात फ्लॉवर भाजून यायचा, राजम्याचं सूप यायचं, आणि "आणखी थोडी कोबी घे," म्हणून बायका हात धुऊन मागे लागायच्या. ऑर्लिन दोनदा नको म्हणायचा, तिसऱ्यांदा त्याला घ्यावीच लागायची. गेल्या दोन वर्षांत ज्या शिष्टाचाराने त्याला फुगवलं तोच आता त्याला पालेभाजी चारत होता. ऑर्लिनला हा अन्याय वाटायचा, पण पँटा सैल होत होत्या.

सप्टेंबरात तो कंटाळला. खरंच कंटाळला. गुडघा दुखत होता, वजनाचा काटा अडला होता, आणि उकडलेल्या ब्रोकोलीकडे बघून त्याला रडू यायचं बाकी होतं. त्याने मार्लिसला फोन केला. "आजपासून मी येत नाही."

"ये रे, ऑर्लिन."

"नको. जमत नाही मला."

"थोडा वेळ तरी ये."

"नको गं, मार्लिस."

पलीकडे शिट्टी खुळखुळली. मग, "येतोस ना?"

ऑर्लिनने डोळे मिटले. तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणायचं एकदा त्याने करून पाहिलं होतं, आणि त्याचं काय झालं ते आख्ख्या गावाने पाहिलं होतं. "बरं," तो पुटपुटला, "खुर्च्या मांडल्याच आहेत तर..." त्या हिवाळ्यापर्यंत मार्लिसने ही युक्ती कितीदा वापरली याला गणती नाही. मनातून उत्साह वगैरे यायची वाट बघत बसला असता तर ऑर्लिन अजून सोफ्यातच असता.

डिसेंबराच्या अखेरीला तळं पुरेसं गोठलं. ड्वेन गाडी घेऊन आला, काही न बोलता दार उघडलं, आणि बर्फावर पोचल्यावर नेहमीच्या जागी भोक पाडून झालं तसं बोटाने खाली दाखवलं. "बस."

ऑर्लिन बर्फावर बसला. पार आडवाच झाला, म्हणजे पुढे तक्रार नको. मग कुशीवर वळला, हातगुडघ्यांवर आला. बर्फ मार्लिसच्या फरशीपेक्षा निसरडा होता. पाय एकदा सरकला. ड्वेन एक पाऊल पुढे आला आणि थांबला. ऑर्लिनने पुन्हा पाय रोवला, बादलीवर हात टेकला, श्वास सोडला आणि उभा राहिला. तोंड लालबुंद, टोपी वाकडी, पण उभा.

ड्वेनने मान हलवली. एवढीच. मग दोघं आपापल्या बादलीवर बसले आणि ठरल्याप्रमाणे गप्प राहिले. ऑर्लिनला इतकं बरं वाटत होतं की त्याने गळाला आमिष लावलंच नव्हतं, हे त्याला तासाभराने कळलं; मग लावलं.

दुपार कलल्यावर ड्वेन भोकाकडे बघत म्हणाला, "गेल्या खेपेला माझ्याच्याने तुला उचलवलं नाही."

"मी जाड होतो."

"ते नाही. माझ्या हातातच काही उरलं नव्हतं. दोर बांधताना वाटलं, स्नोमोबील सुरू झाली नाही तर हा इथेच जाईल, आणि मी नुसता बघत बसेन." त्याने नाक पुसलं. "म्हणून म्हणालो, तुझं तू उठ. दोघांपैकी एकाला तरी उठता यायला हवं."

बादल्या आवरायची वेळ झाली तेव्हा ऑर्लिन उठला, सामान गोळा करू लागला; गळ तेवढे अजून पाण्यातच होते. ड्वेन मात्र बसूनच होता. एकदा त्याने जोर लावून पाहिला, मग परत टेकला. ऑर्लिन विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात ड्वेनने हात पुढे केला. कुणी एकदाही विचारलेलं नसताना.

"हात दे रे," ड्वेन म्हणाला. "माझा गुडघा धरलाय."

ऑर्लिनने हातातली बादली खाली टाकली, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी त्याला वर घेतलं. ड्वेन उभा राहिला तरी हात काही त्याने लगेच सोडला नाही, आणि ऑर्लिननेही सोडवला नाही. दोघं तसेच बर्फाकडे बघत उभे राहिले.

"तुझा गळ ओढतोय," ड्वेन जरा वेळाने म्हणाला.

"ओढू दे," ऑर्लिन म्हणाला.