उसन्या मिशा

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि लांब मिशांचे भुंगेरे जमवायची. भुंगेरा वाळवून, पाय नीट पसरून टाचणीवर बसवण्यात माझा हात धरणारं आमच्याकडं कुणी नव्हतं. उगाच नम्रपणा कशाला! पुंडलिकनगरच्या घरातलं माझं कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास पाहुण्यांच्या चहात उतरायचा.

सगळ्यात मोठी भुंगेरी मात्र दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिलेली. गावी, पाचोडला, आमच्या मोसंबीच्या बागेच्या बांधावर आंब्याची झाडं आहेत आणि ही जात त्यांची खोडं पोखरते. दादांचं तिच्याशी हाडवैर; दिसली की चपलेखाली. ही एक माझ्या हट्टापायी चपलेखालून सुटली, पण दोन्ही मिशा मोडून आली.

तेवढ्यात कॉलेजात प्रदर्शन ठरलं. बिनमिशांची भुंगेरी मधोमध कशी मांडायची? या जातीत नराच्या मिशा मादीपेक्षा बऱ्याच लांब. मी संग्रहातल्या एका जुन्या नराच्या मिशा काढल्या, डिंकानं हिला चिकटवल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘नर’. हे खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. कुणाला कळणार नाही याचीही खात्री होती. बाहेरगावचे मोठे प्राध्यापकसुद्धा माना डोलवून गेले.

दुपारी दादा आले, गुलमंडीच्या बाजारात धोतरजोडी घेऊन सरळ कॉलेजात. चष्मा सावरत काचेवर वाकले.

“ही तर मादी हाय. खोडावर अंडी घालतानाच धरली व्हती म्या. हिला एवढ्या लांब मिशा कुठून आल्या?”

भोवती माझे विद्यार्थी उभे होते. कुठं तोंड लपवू असं झालं मला.

“मी चिकटवल्या, दादा. छान दिसावी म्हणून.”

“लेकरांना शिकवतीस ना तू?”

ते रागावले नव्हते, म्हणून जास्तच लागलं. मी सगळ्यांदेखत काच उघडली, चिमट्यानं मिशा काढल्या आणि नवी चिठ्ठी लिहिली: ‘मादी. मिशा मोडलेल्या.’ डिंकाचा डागसुद्धा राहू दिला नाही.

पुढच्या हंगामात दादा पेढ्यांचा रिकामा खोका घेऊन घरी आले. आत कापसावर एक भलीमोठी भुंगेरी. जन्मभर चपलेनं चिरडणाऱ्या माणसानं तिला रॉकेलमध्ये भिजवलेल्या बोळ्याशेजारी ठेवून, एक पायही न मोडता मारलं होतं.

“घे माय,” दादा म्हणाले, “हिच्या मिशा हिच्याच हायेत.”