काजव्याची बायको

दुपारी गिरणी बंद केली तरी कानातला आवाज लगेच थांबत नाही. मोटर थांबलेली असते, पट्टा सैल लोंबत असतो, आणि डोक्यात मात्र दळण चालूच असतं. मी रिकाम्या पोत्यांवर आडवा होतो. शटर अर्धं ओढलेलं आहे. खालच्या फटीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. पायांकडं बघता बघता आवाज बारीक होत जातो, आणि कुठले पाय खरे ते कळेनासं होतं.

त्यातली एक जोडी आत येते. वाकून. हेमलता कायम वाकूनच यायची, शटर वर ढकलायचा तिला कंटाळा.

ती वजनाच्या काट्यावर बसते. माझी बायको जाऊन एक पावसाळा आणि एक हिवाळा झाला. काट्यावर आकडा येत नाही, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

"बघितला?" ती विचारते.

"बघितला. अर्धा."

"अर्धा?"

स्वतः मेल्याचं तिला नसेल तेवढं वाईट तिला ह्याचं वाटतं. पिक्चर अर्धा सोडून उठणाऱ्या माणसाला ती माणसात धरत नसे. पडद्यावर सगळी नावं वर जाऊन संपेपर्यंत ती खुर्ची सोडत नसे, झाडूवाले येऊन उभे राहिले तरी. मी म्हणायचो, ह्या नावांत तुझा कोण भाऊ आहे का. ती म्हणायची, गप बसा, नावं संपल्यावर पुन्हा काहीतरी दाखवतात.

ही आवड तिला तिच्या वडिलांच्या सलूनमधून लागली होती. विट्याला त्यांचं सलून होतं. गिऱ्हाइकानं थांबावं म्हणून तिथं चित्रांच्या गोष्टींची जुनी पुस्तकं ठेवलेली असायची. केस झाडता झाडता ती वाचायची. त्यात एक काजवा होता. तो दिवसा शिंपी. रात्री चोरांच्या मागं जायचा, आणि भीती वाटली की त्याच्या अंगातून उजेड पडायचा. म्हणजे लपावं तेव्हाच तो सगळ्यांना दिसायचा. बाकीचे हिरो उडत होते, डोंगर उचलत होते. हिला आवडला तो हा घाबरट.

त्या काजव्यावर पिक्चर येणार असं जाहीर झालं तेव्हा ती पन्नाशीच्या पुढं होती. तिनं मोबाइलवर एक ग्रुप काढला. त्यात सगळी तिच्या निम्म्या वयाची पोरं. तिला काकू म्हणायची, आमच्या घरी पोहे खायला यायची, आणि काजव्याचा रंग हिरवा का पिवळा ह्यावर भांडायची. पिक्चर रखडत गेला. ती त्याच्या आधी गेली. तिच्या दिवसकार्याला हीच पोरं वाढायला होती.

हे सगळं तिला माहीत आहे, तरी मी तिला सांगतो. ती काट्यावर बसून पाय हलवते.

"शेळी कशी घेतली आहे?" ती विचारते.

पुस्तकातल्या काजव्याची एक शेळी होती. ती त्याच्या शिवणाच्या चिंध्या खायची.

"शेळी नाही घेतली."

"मग काय घेतलं?"

"बायको."

ती हसते. "काजव्याला कुठली बायको?"

मी हसत नाही. तिच्या मागची भिंत आता भिंत नाही, पडदा आहे. गिरणीतले दळणाचे डबे खुर्च्यांवर ओळीनं बसलेत, प्रत्येकाच्या झाकणावर मालकाचं नाव रंगवलेलं. हेमलता माझ्या डाव्या हाताला येऊन बसते. तिची जागा कायम तीच.

पडद्यावर शिंप्याची बायको खाटेवर आहे. काल मी हे बघितलंय, म्हणून पुढचं मला येतं. ती आजारी आहे. तिला कळलंय की आता ती जाणार. नवऱ्यानं ते बघू नये म्हणून ती त्याला म्हणते, मला बर्फाचा गोळा खावासा वाटतोय, जाऊन आणा. तो पळत जातो, पळत येतो. तोवर ती गेलेली असते. चेहऱ्यावर हसू. हातातला गोळा वितळतो, आणि त्या माणसाच्या अंगातून असा उजेड फुटतो की घराचं छप्पर उडतं. त्यानंतर तो कधीच घाबरत नाही. पिक्चरच्या मते त्याचा उजेड तिथून आला.

काल त्या जागी अख्ख्या थेटरानं शिट्ट्या मारल्या. बाई मेली आणि माणसं उभी राहून नाचली. माझ्या शेजारी तिच्या ग्रुपमधला इम्तियाज होता, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो तो. तोही उभा राहिला. त्यानंच हेमलताला रात्री-अपरात्री रक्ताची बाटली आणून दिली होती. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारताना मी त्याला बघितलं आणि उठून बाहेर आलो.

आता डबे शिट्ट्या मारत नाहीत. झाकणं नुसती थरथरतात.

"इम्तियाजनं काय लिहिलं माहीत आहे?" मी तिला म्हणतो.

घरी येईपर्यंत ग्रुपवर त्याचा मजकूर पडला होता. बायको जाते तो सीन म्हणजे पिक्चरचा जीव, अंगावर काटा आला. खाली एकानं लिहिलं, अगदी आपल्या काकूंसारखी. काकांना त्यांनीही असंच घरी पाठवलं होतं. मग इम्तियाजनं पिक्चरमधल्या त्या नटीचा फोटो आणि हेमलताचा फोटो शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं, दोघी त्यागमूर्ती.

सगळ्यांना ते आवडलं असंही नाही. पल्लवी नावाची एक पोरगी आहे, शाळेत शिकवते. तिनं लिहिलं, पुरे झालं आता. दर महिन्याला एक हिरो येतो, त्याचं कुणीतरी मरतं, मग तो उडतो. मला ह्या पिक्चरांचा वीट आलाय, मी ग्रुप सोडते. आणि सोडला. मला आधी वाटलं, चला, एक तरी माझ्या बाजूनं बोलली. मग लक्षात आलं की तिला बायकोच्या मरण्याचा राग नाही, कंटाळा आहे. एकाला शिट्टी सुचते, दुसरीला जांभई येते.

आज संध्याकाळच्या खेळाला सगळी पुन्हा जाणार आहेत. त्या सीनला प्रत्येक जण मोबाइलचा टॉर्च लावणार, काकूंसाठी. मी मधोमध बसायचं. इम्तियाज न्यायला येणार आहे. मी काल हो-नाही काहीच बोललो नाही.

"बरं दिसेल की," हेमलता पडद्याकडं बघत म्हणते. "सगळे टॉर्च एकदम."

मला तिचाही राग येतो. तीही त्यांच्यातलीच. पहिल्यापासून होती.

"तू मला मुद्दाम पाठवलं होतंस का?"

हे मला इतके महिने विचारायचं आहे. कुणाला विचारणार? त्या सकाळी दवाखान्यात ती म्हणाली, जा, घरी जाऊन आंघोळ करून या. मी नको म्हणालो. ती दोनदा म्हणाली. मी गेलो. अंगावर पाणी घेत होतो तेव्हा फोन वाजत होता. तेव्हापासून मी हेच धरून बसलोय की तिला कळलं होतं. तिनं ठरवून मला बाहेर काढलं. जन्मभर शेजारी बसवून घेतलं आणि शेवटाला उठवलं. लोक ह्याला त्याग म्हणतात. मी ह्याला फसवणूक म्हणतो.

पडद्यावर नावं वर जायला लागलीत. आमच्या खुर्च्या त्याच आहेत, पण दवाखान्याच्या बोळात, भिंतीला लागून. समोरच्या भिंतीवर नावं सरकतात, आणि ती पिक्चरवाल्यांची नाहीत, माझ्या डब्यांवरची आहेत. काशीद. तांबोळी. पेंढारकर बाई, जाड दळणे. फिनेलचा वास येतोय.

"हेमा, मी विचारलं काहीतरी."

"नावं संपू द्या."

मी थांबतो. काय करणार. नावं संपतात. भिंत पांढरी राहते आणि पुढं काहीच दाखवत नाहीत. तेव्हा ती माझ्याकडं वळते.

"तुमच्या अंगाला वास येत होता," ती म्हणते.

"खरं सांग."

"खरंच सांगते. किती दिवस तोच शर्ट. त्या सिस्टरनं नाकाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"आणि तुला कळलं होतं का?"

"काय कळायचंय? डॉक्टर म्हणाले होते, आज दोन घोट चहा चालेल. म्हटलं तुम्ही याल, मग मागवू. तोवर कशाला उगीच गार करायचा."

मी तिच्याकडं बघत राहतो. ती खोटं बोलत असली की डोक्यावरचा पदर सारखा करायची. आता तिचे हात मांडीवर आहेत.

"म्हणजे ठरवून काही नाही?"

"आंघोळ ठरवून. बाकी काय."

मला बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही. इतके दिवस मला निदान एक माणूस होतं रागवायला. तिनं फसवलं, हे म्हणता येत होतं. आता कळतंय की ती चहाची वाट बघत होती आणि तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिकडं थेटरात एक बाई सगळं माहीत असल्यासारखी हसतेय.

"मग तू हसत होतीस का?" मी विचारतो. "ते म्हणतात हसत गेली."

बोळातला दिवा जातो. गिरणीत वीज गेल्यावर होतो तसा अंधार, आधी आवाज बंद, मग सगळं बंद. तिचा हात माझं मनगट धरतो. आमच्या इतक्या पिक्चरांत, भुताच्यासुद्धा, तिनं माझा हात कधी धरला नव्हता. मीच दचकायचो आणि ती मला हसायची. आता ती इतकं घट्ट धरते की मला दुखतं. मी सोडवून घेत नाही.

"अहो," ती म्हणते.

मी म्हणतो, आहे.

"उठू नका एवढ्यात."

मी म्हणतो, नाही उठत. तिची बोटं आणखी रुततात. तिचा श्वास ऐकू येतोय, भरभर, जिना चढून आल्यासारखा. मी तिला काही सांगणार तेवढ्यात कुणीतरी पत्र्यावर जोरजोरात हात मारतं.

शटर. मी पोत्यांवर आहे. फटीतून बुटांची एक जोडी दिसते आणि मोटरसायकलचं चाक.

"काका," इम्तियाज बाहेरून म्हणतो, "आवरलं का? सगळी थेटरावर थांबलीत."

मी उठतो. शटर वर ढकलतो तर ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि वर केलेल्या डाव्या हाताकडं इम्तियाजचं लक्ष जातं. मनगटावर वरच्या बाजूला चार आणि आतल्या बाजूला एक, नखांच्या खुणा. ताज्या, लाल, एकीतून बारीकसं रक्त आलेलं. मी माझा उजवा हात त्यावर ठेवून बघतो. माझी बोटं जाड आहेत, खुणांवर बसत नाहीत. शिवाय माझी नखं मुळापर्यंत कापलेली असतात, पिठाच्या धंद्यात ठेवून चालत नाही.

"हे कुणी ओरबाडलं?" तो विचारतो.

"तुझ्या काकूनं."

तो हसायला जातो, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबतो.

"ती हसत गेली नाही," मी त्याला सांगतो. "घाबरली होती. तिथं जाऊन पोरांना सांग, टॉर्च लावू नका."

गाडी चालूच असते, इम्तियाज हात लांबवून चावी फिरवतो. मग माझं मनगट धरतो, उन्हाकडं वळवतो, आणि एकेका खुणेवर न टेकवता बोट फिरवत राहतो.