आतून एकशेनव्वद, बाहेरून दोनशे

आमच्या घराण्यात शिंप्याची कात्री पिढ्यान्पिढ्या चालली आणि माझ्या हातात येऊन थांबली. बंगळूरच्या पेठेत आमच्या पूर्वजांनी सरदारांच्या अंगरख्यांपासून शाळेतल्या पोरांच्या चड्ड्यांपर्यंत सगळं शिवलं. मी एकच पॅन्ट शिवली. तिचे दोन्ही पाय डावे निघाले. गिऱ्हाईक ती घालून बाहेर पडलं तेव्हा जायचं होतं देवळात आणि वळत होतं मंडईकडे. वडील शांतपणे म्हणाले, "तू कापड वीक. कापू नकोस."

म्हणून मी चिकपेटेतल्या एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली. पण देवानं हातात जे दिलं नव्हतं ते नाकात दिलं होतं. कॉफीचा नुसता वास घेऊन मी सांगत असे की बी किती भाजलीय आणि चिकोरी किती घातलीय. साठ सालच्या आसपास मला वाटू लागलं की या नाकावर संसार चालेल. कॉफी भाजून, दळून विकायचं छोटं दुकान काढायचं. बसवनगुडीत एक गाळाही बघून ठेवला. गाळेवाले अण्णा भले माणूस. म्हणाले, "युगादीपर्यंत, तुमच्या पाडव्यापर्यंत, दुसऱ्या कुणाला देत नाही. नंतर मात्र मला विचारू नका." शंभर रुपये अनामत, दोनशेची जुनी दळायची मशीन, तिला जोडायला सव्वाशेची मोटार. एवढंच लागणार होतं. माझ्याकडे फक्त नाक होतं.

यात घाई अशी की सासरेबुवांनी माझ्यासाठी आपल्या कचेरीत एक खुर्ची धरून ठेवली होती. खुर्ची त्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर. पाडव्यापर्यंत दुकान उभं राहिलं नाही तर त्या खुर्चीवर बसायचं, असं दोन्ही घरांत ठरलं होतं. मला सासरेबुवा आवडत, पण सणावारी. दहा ते पाच नव्हे.

आधी बँकेत गेलो. बँकेच्या मुख्याला तेव्हा एजंट म्हणत. एजंटसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारण काय?"

"कॉफीच्या बिया, साहेब."

"त्या तर लोक पिऊन टाकणार."

"प्यायला हव्यातच. नाही प्यायले तर तुमचे हप्ते कसे फेडू?"

त्यांना हे पटल्यासारखं वाटलं. निदान हसले तरी. तेवढ्यात त्यांच्या डब्यातली कॉफी आली. सज्जनपणानं त्यांनी अर्धी मला दिली. मी वास घेतला आणि आपली विद्या दाखवायची हीच वेळ असं समजून म्हणालो, "साहेब, तुम्हाला फसवतायत. यात निम्मी चिकोरी आहे. आणि बी करपलीय."

कॉफी त्यांच्या सासूबाईंनी घरी भाजलेली होती. बँकेचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे त्यांनी मला स्वतः दाखवलं.

दुसऱ्या बँकेत तोंड बंद ठेवलं, तिथंही तारणच मागितलं. एक सावकार दागिन्यांवर द्यायला तयार होता, पण आई म्हणाली, "सुनेच्या बांगड्या मोडून कॉफी पिणारं घर नाही आपलं." मग उरली अक्काची चीटी.

अक्का म्हणजे माझी आत्या. सगळी आळी तिला अक्काच म्हणे. चामराजपेटेतल्या तिच्या घरी दर महिन्याला चीटी, म्हणजे भिशी, बसे. पंचवीस जणांनी वीस वीस रुपये घालायचे, पाचशे जमायचे. ते एकाला मिळायचे, पण कुणाला? जो त्यातले जास्तीत जास्त सोडायला तयार होईल त्याला. सोडलेले पैसे पंचविसांत वाटले जायचे. ज्याला गरज जास्त तो जास्त सोडतो, बाकीचे आपापला वाटा घेऊन कॉफी पिऊन घरी जातात. एक चीटी माझ्या नावावर होती. एक बायकोच्या, ती ब्लाउज शिवून भरत असे. तिचे ब्लाउज दोन्ही बाजूंनी सारखे असत, हे सांगायला हवं.

अक्काकडं लिलाव तोंडानं होत नसे. आम्ही कापडवाल्यांची जात, आमचा सौदा रुमालाखाली. पुरुष बाहेरच्या सोप्यात, बायका आत स्वयंपाकघरात, आणि मधल्या उंबऱ्याशी अक्का पाटावर. तिचा एक हात रुमालाखाली बाहेर, दुसरा पदराखाली आत. ज्याला बोली करायची त्यानं सरकून जवळ बसायचं आणि रुमालाखाली तिची बोटं धरायची. एक बोट म्हणजे दहा रुपये, मनगट म्हणजे शंभर. ती फक्त एवढंच म्हणायची, "बाहेरून तीस," "आतून चाळीस." कुणाचं नाव घेणं नाही, लिलाव संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलणं नाही. आत कोण आहे ते बाहेर कळू नये, बाहेर कोण ते आत कळू नये, म्हणजे भांडणं होत नाहीत, असं तिचं म्हणणं.

आता आमच्या घरची रीत. थोरांच्या देखत नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. आणि आमच्या घरात थोर नाहीत अशी जागाच नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं सगळं आईमार्फत चाले. पाडव्याच्या आधीच्या चीटीच्या दिवशी सकाळी मी आईला, म्हणजे खरं तर भिंतीपलीकडे, म्हणालो, "आज चीटी काढायलाच पाहिजे."

आई आत जाऊन आली. "ती म्हणते, हो, आज काढायलाच पाहिजे."

"मग सांग तिला, काळजी करू नकोस."

आई पुन्हा जाऊन आली. "ती म्हणते, तुम्हीही करू नका."

इतका एकमताचा संसार बंगळुरात दुसरा नसेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी अक्काकडं बसलो. पहिल्या काही बोल्या सहज झाल्या. बाहेरचे एकेक करून मागं सरकले आणि मी एकटा रुमालाखाली उरलो. माझा हिशेब होता, सत्तर ऐंशीत काम होईल. पाचशेतून ऐंशी गेले तरी गाळा, मशीन, मोटार जवळजवळ बसत होतं.

"आतून नव्वद," अक्का म्हणाली.

आत कुणीतरी हट्टाला पेटली होती. मला वाटलं, ती जरीवाल्यांची सून असणार. त्यांच्याकडं पैसा उतू जातो आणि तरी चीटी हवी. मी मनगट धरलं.

"बाहेरून शंभर."

"आतून एकशेदहा."

एकशेवीसला अक्कानं रुमालाखाली माझं बोट जोरात दाबलं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं डोळे मोठे केले. आत्याच ती. मला वाटलं, धीर देतेय, म्हणतेय हो पुढं, सोडू नकोस. मी आणखी एक बोट धरलं. तिनं आता नखं रुतवली. केवढी माया, असं मनात येऊन मी एकदम दोन बोटं वाढवली.

गंमत म्हणजे पदराखालच्या हातानंही ती तेच करत होती, आणि तिकडंही तिच्या मायेचा तोच अर्थ घेतला जात होता.

"आतून एकशेनव्वद," अक्का म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी डोळे मिटून मनगट दोनदा धरलं.

"बाहेरून दोनशे."

आत एकदम गडबड उडाली. चुलीवरचं दूध उतू गेलं होतं आणि आतली बोली करणारी अक्काचा हात सोडून पातेल्याकडं धावली होती. अक्काची एवढी चपळाई मी कधी पाहिली नव्हती. "आतून कुणी नाही. बाहेर झाली चीटी," असं म्हणून तिनं दोन्ही हात काढून घेतले आणि चोळत बसली.

तीनशे रुपये हातात आले. मग बायको कॉफीचे पेले घेऊन बाहेर आली. माझ्या हातातल्या नोटा तिनं पाहिल्या, माझ्या बोटांवरच्या नखांच्या खुणा पाहिल्या, आणि माझ्यासमोर पेला असा ठेवला की निम्मी कॉफी बशीत आली. अभिमानाच्या भरात सांडली असेल, असं मी समजलो.

घरी जाताना नेहमीप्रमाणे मी पुढं, मागं आई, तिच्या मागं बायको.

"ती विचारते," आई म्हणाली, "किती सोडलेस?"

"दोनशे. सांग तिला, आत ती जरीवाल्यांची सून अडून बसली, नाहीतर सत्तरात काम होतं."

आई मागं गेली. परत आली ती पदर तोंडावर धरून.

"ती म्हणते, जरीवाल्यांची सून आजारी आहे. आलीच नव्हती."

"मग कोण होतं?"

आई मागं गेलीच नाही. रस्त्यात एका कट्ट्यावर बसली आणि हसत सुटली. आतापर्यंत निरोप पोचवताना तिच्याकडून कधी काही निसटलं नव्हतं, आज सगळंच निसटलं. मी मागं वळून पाहिलं. बायकोनं आपला उजवा हात दिव्याखाली धरून मला दाखवला. तिच्याही बोटांवर नखांच्या खुणा होत्या.

दुसऱ्या दिवशी मी अक्काकडं तक्रार घेऊन गेलो. ती म्हणाली, "चीटीला बसले की मी कुणाची आत्या नाही. नाव घेतलं असतं तर बाकीच्या तेविसांना काय तोंड दाखवलं असतं? एवढी बोटं मोडली तुमची, तरी कळेना. तुला नाही कळलं हे समजू शकते. तिला तरी कळायला हवं होतं." मग आमच्या दोनशेतले आमचेच सोळा रुपये, दोघांच्या वाट्याचे, तिनं माझ्या हातावर ठेवले.

गाळा झाला, मशीनही झाली. तीनशे तिथंच संपले. सोळा रुपयांच्या बिया आल्या. मोटार राहिली. पाडव्याला दुकान उघडलं ते हातानं फिरवायच्या चाकावर. चाक एवढं जड की एकाला हलेना. दोन मुठी होत्या, दोन माणसं लागायची. गडी ठेवायला पैसे नव्हते, म्हणून आईनं नाइलाजानं सुनेला पाठवलं आणि स्वतः गल्ल्यावर बसली. सासरेबुवा पहिलं गिऱ्हाईक. चिमटीत पूड घेऊन म्हणाले, "स्वल्प जाड आहे. खुर्ची अजून रिकामी ठेवलीय."

ते गेल्यावर आम्ही पुन्हा चाक फिरवायला घेतलं. मशीन अशी खडखडायची की शेजारी उभ्या माणसाला आपलं नाव ऐकू येऊ नये. त्या खडखडाटात बायको माझ्याशी पहिल्यांदा, आईवाचून, भरदिवसा बोलली.

"नव्वदला थांबायला काय झालं होतं?"

"तू का नाही थांबलीस?"

"अक्का दाबत होती. मला वाटलं, वाढव म्हणतेय."

त्यानंतर आम्ही रोज बोलायचो. दोन वर्षांचं साठलेलं होतं. गिऱ्हाईक नसलं तरी दळायचो. एकदा गल्ल्यावरून आई ओरडली, "अगं, बिया संपल्या कधीच, काय दळताय?"

पुढं बायकोची चीटी काढायची वेळ आली. त्या दिवशी आईनं मला घरातच कोंडून कडी लावली आणि तोंडात गुळाचा खडा भरला, म्हणजे खिडकीतूनही मध्ये तोंड घालू नये. चीटी साठाला सुटली. मोटार आली, बटण दाबलं, चाक आपलं आपण फिरायला लागलं. सासरेबुवा बघून गेले आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी बसला.

आई खूश होऊन मला म्हणाली, "बरं झालं. आता सूनबाई घरी राहील."

बायको चाकाजवळ उभी होती. ती आईच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली.

"ती म्हणते," आई म्हणाली, "नवी मोटार, एकट्या माणसाच्या भरवशावर सोडणं बरं नव्हे."

"सांग तिला, मलाही तेच वाटतं. मी पॅन्टसुद्धा..."

आईनं गल्ला बंद केला आणि उठली. "तुमचं तुम्ही बोला रे आता," ती म्हणाली. "मी काय अक्का आहे, दोन्हीकडून बोटं मोडून घ्यायला?"