धाकट्या साडूचे दिवे

गाड्यांच्या वायरिंगमध्ये थोरल्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी थोरल्यालाच ठाऊक होती. गाडी आली की तो बोनेट उघडायचा, आत डोकं घालायचा आणि आपल्या आधी जो कोणी तिथे हात घालून गेला असेल त्याचा उद्धार करायचा. "कोणी केलंय हे? तारा जोडल्यात की वेणी घातलीय?" बायको म्हणायची, "अहो, तुमचं निम्मं काम दुसऱ्याला नावं ठेवण्यातच होतं." तो म्हणायचा, "आणि उरलेलं त्याचं निस्तरण्यात."

त्याची एक सवय मात्र सोन्यासारखी होती. उमेदवारीत असताना एकदा त्याचे दोन्ही हात तारांत होते आणि गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाने सहज म्हणून बटण दाबलं. असा काही जाळ उठला की अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी बरेच दिवस तशीच मिरवत फिरला बिचारा, कारण काढून टाकायलाही जीव धजेना! तेव्हापासून तारेला बोट लावायच्या आधी तो फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकायचा. फ्यूज आपल्या खिशात असला की खुद्द राजा गाडीत येऊन बसला तरी दिवा लागायचा नाही, असं तो सांगायचा.

असा हा थोरला सुखात होता. पण त्याच्या मेहुणीचं लग्न झालं आणि सुखात खडा पडला. सासऱ्यांना दोनच मुली, आणि धाकटा जावईसुद्धा निघाला वायरिंगवालाच! आता दोन साडू एकाच धंद्यातले म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. धाकट्याच्या दुकानाला काचेचं दार. तार सोलायला वेगळं हत्यार, थोरला मात्र दातांनी सोलायचा. त्यात धाकटा हातमोजे घालायचा. "हातमोजे घालून वायरिंग!" थोरला घरी जेवताना फणफणायचा. "गाडीचं बाळंतपण करायचंय की काय याला?"

हे सगळं त्याने कसंबसं गिळलं होतं. पण एका सकाळी बायको म्हणाली, "बाबा गाडीला पुढे दोन जादा दिवे लावून घेताहेत. पिवळे. धाकटीच्या नवऱ्याकडून."

थोरल्याचा घास तोंडातच राहिला. सासऱ्यांच्या त्या जुन्या गाडीला आजवर त्याच्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. हॉर्न त्याने बसवलेला, वायपरची मोटर त्याने दोनदा जगवलेली. आणि आता दिवे धाकट्याकडून? त्याला वाटलं, आज दिवे गेले, उद्या गाडी जाईल, परवा 'थोरले जावई' म्हणून दारात होणारं स्वागतही जाईल.

दिवे बघायला म्हणून दोन्ही मुली-जावई सासऱ्यांकडे जेवायला जमले. धाकट्याने सकाळीच काम उरकलं होतं. जेवणं झाली, सगळे जिथे जागा मिळेल तिथे आडवे झाले. धाकटा तर घोरायलाच लागला. थोरल्याला कुठली झोप? तो चपला हातात घेऊन अंगणात आला आणि आवाज न करता त्याने बोनेट उघडलं.

काहीतरी सापडेलच अशी त्याची खात्री होती. अर्थिंगची तार पत्र्यावरच्या रंगावरच आवळली असेल. नसेल तर गरम नळीला टेकून तार नेली असेल. दिव्यांचा भार बटणावर येऊ न देणारा रिले तर बसवलाच नसेल. त्याने बोटं फिरवली, तारा ओढून पाहिल्या, बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सगळा माग काढला. अर्थिंगखाली रंग नीट खरवडलेला. तार नळीपासून लांब, जागोजागी पट्ट्यांनी बांधलेली. आणि रिले अशा कोपऱ्यात बसवलेला, की थोरल्याच्या मनात आलं, ही जागा आपल्याला कशी सुचली नाही? तिथेच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक सापडली असती तर एवढं लागलं नसतं. त्याने बोनेट मिटलं आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

ऊन उतरलं तसे सासरे ऐटीत गाडीत बसले. शेजारची दोन-चार माणसंही फाटकाशी येऊन उभी राहिली. "दाबा, मामा," धाकटा म्हणाला. मामांनी बटण दाबलं. रिले टक् करून वाजला. दिवे काही लागले नाहीत.

"पिवळा उजेड दिवसा दिसत नसेल," शेजारी म्हणाला आणि सगळे हसले.

थोरल्याच्या मनात गुदगुल्या झाल्या. धाकट्याने बोनेट उघडलं, वाकला आणि गोंधळून म्हणाला, "फ्यूज नाहीये. मी बसवला होता, मामा! सकाळी दिवे लावूनही बघितले."

"विसरला असाल, होतं असं," सासरे म्हणाले. "थोरल्यांना बघू द्या हवं तर."

हेच ऐकायला त्याचे कान आसुसले होते! छाती फुगवून तो पुढे झाला, आणि छाती फुगली तसं खिशात काहीतरी टोचलं. दुपारी, सवयीने... कोणाला काय कळणार होतं? गप्प राहिलं की झालं.

"नको दादा, करतो मीच." लाजेने कान लाल झालेल्या धाकट्याने उरलेल्या तारेतली एक तांब्याची काडी पिळली आणि फ्यूजच्या जागी खुपसायला निघाला. "आत्तापुरतं चालेल."

झाली की चूक! सगळ्यांदेखत, चांगली ठसठशीत. याच घडीची थोरला धाकट्याच्या लग्नापासून वाट बघत होता. पण मामा गाडीत बसलेले, कुठे तार घासली तर काडी काही फ्यूजसारखी वितळायची नाही, जाळ थेट त्यांच्यापुढे उठणार, आणि ती काडी धाकट्याच्या हातात कोणी दिली होती?

"थांब!" तो ओरडला. "काडी टाक ती. हा घे फ्यूज. माझ्याकडे आहे."

त्याच्या बायकोने कपाळावर हात मारला.

"तुमच्याकडे कसा?" सासरे.

"बोनेट उघडलं होतं दुपारी. बघायला."

"काय बघायला?"

"चूक."

"सापडली?"

"नाही."

सासरे असे हसले की चष्मा घसरला. "अहो थोरले, तुम्हाला किती वेळा म्हटलं, मला संध्याकाळचं नीट दिसत नाही. तुम्ही दरवेळी काय म्हणालात? मामा, अंधारात गाडी काढू नका. यांना एकदा म्हटलं, यांनी दिवे लावले. बसा आता दोघेही."

धाकट्याने फ्यूज बसवला आणि थोरला मागे बसला. रस्त्यावर अंधारू लागलं होतं. दिवे लागले आणि पुढचा वळणाचा दगड, कुंपण, सगळं लख्ख दिसू लागलं. थोरला पुढे झुकला. "डावा जरा वर धरलाय. समोरच्याचे डोळे दिपतील."

"खरंय, दादा," धाकटा म्हणाला. गाडी थांबवून दोघे उतरले. धाकट्याने हातमोजे चढवून पाना लावला आणि थोरल्याने एका गोदामाच्या भिंतीजवळ उभं राहून हात दाखवले, खाली, अजून खाली, बास. भिंतीवर दोन पिवळे झोत शेजारी शेजारी एका रेषेत आले.

"जमलं का, दादा?"

थोरल्याने भिंतीवर वीत लावून दोन्ही झोत मोजले. नाव ठेवायला जागाच नव्हती.

"हातमोजे काढ आधी," तो म्हणाला, "मग सांगतो."