अमेरिका सरांचा तो तास

अमेरिका सरांकडे पासपोर्ट नव्हता. कधी काढलाच नव्हता. मालवणजवळचं गाव, कांदिवलीतलं दोन खोल्यांचं घर आणि बोरीवलीतलं आमचं कॉलेज, एवढाच त्यांचा भूगोल. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात कोण कोणाला बघून तोंड फिरवत होतं, हे ते असं सांगायचे की ती माणसं जणू त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होती. अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होता. त्यांचं आडनाव फक्त मस्टरवर होतं. विद्यार्थ्यांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना अमेरिका सरच म्हणत.

राष्ट्राध्यक्षांची नावं ते फळ्यावर एकदाच लिहीत. त्यानंतर नुसतं पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्याला दातांचा त्रास, दुसरा तापट, तिसरा तोंडावर गोड आणि कागदावर तिखट. पहिल्याच्या मंत्रिमंडळात दोन हुशार मंत्री होते आणि त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. हे सांगताना सर म्हणायचे, "नव्या सोसायटीची पहिली कमिटी बघितलीय ना? बिल्डिंग नवी, रंग ओला, आणि सेक्रेटरी-खजिनदार एकमेकांशी बोलत नाहीत. चेअरमन बिचारा दोघांना चिठ्ठ्या पाठवतोय, बाबांनो, भांडू नका." वर्ग हसायचा. हसणं थांबलं की ते शांतपणे सांगायचे, "आणि पहिला असो की तिसरा, दोघांच्या शेतावर राबणारी माणसं गुलाम होती. तुमच्या गाईडमध्ये हे एका ओळीत आहे. तुम्ही पानभर लिहा."

तारखांचं त्यांना कौतुक नव्हतं. उत्तरपत्रिकेत तारीख चुकली तर ते मार्क कापत नसत. तोंडी परीक्षेत मात्र एकच प्रश्न ठरलेला, "यात कोण कोणाला घाबरला?" पहिल्यांदा ऐकणारा गोंधळायचा. मग सर समजावत, "नवा देश म्हणजे सगळेच घाबरलेले. राजा परत येईल, फ्रान्स येईल, शेजारचा पक्ष येईल. घाबरण्यात काही वाईट नाही. घाबरून काय केलं, तेवढं मला सांग."

मी त्यांची विद्यार्थिनी. एम.ए. झाल्यावर त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले, तेही त्यांच्या शब्दावर. प्राचार्या मॅडमना त्यांनी सांगितलं होतं, "ही वैशाली माझ्या वर्गात सगळ्यात मोठ्याने हसायची. जी मुलगी विनोदाला हसते, तिला विषय कळलेला असतो." पुढे तो पेपर मी घ्यायचा असं ठरत होतं, म्हणून मी त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसत असे. स्टाफरूममध्ये ते डब्यातली सोलकढी माझ्या ग्लासात अर्धी ओतत आणि माझी टिपणं तपासत. नको असलेल्या ओळीपाशी "हयसर खोड," असं म्हणत पेन्सिलीने बारीक खूण करत. माझी कायम होण्याची फाईल तेव्हा वरती गेलेली होती.

त्या दिवशी विषय होता दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचा कायदा. सरकारविरुद्ध बदनामीकारक लिहिलं-बोललं तर तुरुंग, असा तो कायदा. एका खासदाराला त्याखाली आत टाकलं, तर तो आतूनच निवडून आला, हे सरांनी रंगवून सांगितलं. मग आले ते दारुड्यावर. दुसरा एका गावातून जात असताना सलामीच्या तोफा उडाल्या. गुत्त्याबाहेरचा एक माणूस म्हणाला, "त्या तोफा त्याच्या ढुंगणात उडवल्या तरी आपली हरकत नाही." त्याला पकडलं, खटला भरला. सरांनी ते वाक्य दारुड्याच्या आवाजात, एका पायावर झुलत म्हटलं. वर्ग लोळायचा बाकी राहिला. मी शेवटच्या बाकावर डोळे पुसत होते.

दोन दिवसांनी वीसेक सेकंदांची एक क्लिप फिरू लागली. तिच्यात दारुडा नव्हता, अमेरिका नव्हती, दुसरा नव्हता. एका पायावर झुलणारे सर होते आणि तोफांचं ते वाक्य होतं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'देशाच्या प्रमुखांबद्दल प्राध्यापकांची भाषा बघा.' दुपारपर्यंत गेटवर पंधरा-वीस माणसं जमली. सर त्यांना समजावायला खाली गेले. वर आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं.

चौकशी समिती नेमली. वर्गात मुलं सोडून एकच मोठं माणूस हजर होतं, ते म्हणजे मी. आदल्या संध्याकाळी प्राचार्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझी फाईल वरती आहे, माहीत आहे ना? मी काही सांगत नाही. तू शहाणी आहेस," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी खरोखरच काही सांगितलं नव्हतं. पुढे कित्येकदा मी याच गोष्टीवर सगळं ढकलायला बघितलं, पण ढकलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

समितीसमोर सर माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मला विचारलं, "हे विधान कोणाच्या संदर्भात होतं?"

मी म्हणाले, "मी शेवटच्या बाकावर होते. पेपर तपासत होते. मला नीट ऐकू आलं नाही."

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या विद्यार्थ्याने अगदी सोपं उत्तर चुकवलं की ते जसे बघत, तसं. "वैशाली, तू हसली होतीस ना?" त्यांनी विचारलं.

"सर, प्रश्न समिती विचारेल," समितीत बसलेल्या प्राचार्या मॅडम म्हणाल्या.

मला उत्तर द्यायची गरज नव्हती. तरी मी दिलं. "आठवत नाही," मी म्हणाले आणि सही केली.

त्याच दिवशी रिद्धी नावाची एस.वाय.ची विद्यार्थिनी आपली वही घेऊन समितीच्या दाराशी दोन तास उभी होती. वहीत तो अख्खा तास उतरवलेला होता, दारुड्यासकट. विद्यार्थ्याची वही पुरावा धरता येत नाही, असं सांगून तिला परत पाठवलं. बाहेर येताना मी तिच्या समोरून गेले. "मॅडम, तुम्ही सांगितलंत ना सगळं?" तिने विचारलं. मी मान डोलावली. एका दिवसात तिसरं खोटं.

सरांना माफीनामा लिहून द्यायला सांगितलं. "कोणाची माफी मागू? दुसऱ्याची? तो कधीच मेला," असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. निरोप समारंभ झाला नाही. पुस्तकं त्यांनी दोन पिशव्यांत भरली. शिपाई एक पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेला. मी वरून खिडकीतून बघत होते. दोन महिन्यांनी मी कायम झाले. आईने बिल्डिंगभर पेढे वाटले.

त्यानंतर तीन वर्षं मी कांदिवलीला उतरले नाही. तिथे माझी मावशी राहते, तिलाही मीच बोरीवलीला बोलावून घ्यायची. सर आजारी असल्याचं कळलं तेव्हा मात्र गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दार उघडलं, आत घेतलं, चहा टाकला. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते, निम्मे झाले होते, पण डोळे तेच.

"तो पेपर कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

"मीच, सर."

"दारुड्याची गोष्ट सांगतेस?"

"नाही, सर."

मग मी एका दमात म्हणून टाकलं, "सर, मला त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं."

"ठाऊक आसा गो," ते म्हणाले. "तुझं हसणं फळ्यापर्यंत आलं होतं."

मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही आणि पाठीवरून हातही फिरवला नाही. रडून झाल्यावर म्हणाले, "हे मला कशाला सांगतेस? मी तिथेच होतो. जिथे सही केलीस तिथे लिहून दे. मला रडणं नको, कागद हवाय."

"देते, सर. या आठवड्यातच देते."

त्या आठवड्यात परीक्षा होत्या. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या तपासणीला नॅकची माणसं येणार होती. मग मॅडम निवृत्त होणार होत्या, म्हटलं त्यांना जाऊ दे. मी कागद दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. पाचव्या आठवड्यात सर गेले.

कॉलेजात शोकसभा झाली. लाडकी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला सांगितलं. मी सोसायटीच्या कमिटीचा किस्सा सांगितला, सोलकढीचं सांगितलं. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. नंतर दोघी-तिघी येऊन म्हणाल्या, किती छान बोललीस गं.

दुसऱ्या दिवशी मी कागद लिहिला. माझा जबाब खोटा होता, मला प्रत्येक शब्द ऐकू आला होता, सर अमेरिकेचा इतिहास शिकवत होते आणि हे मी नोकरीच्या भीतीने लपवलं. नव्या प्राचार्यांनी वाचला आणि चष्मा काढला. "मॅडम, आता याचा काय उपयोग? सर तर गेले. उगाच तुमच्यावरच येईल."

"येऊ दे. आवक क्रमांक टाकून द्या," मी म्हणाले.

क्लार्कने शिक्का मारला. त्याची झेरॉक्स घेऊन मी तशीच कांदिवलीला गेले. काकूंनी दारातच कागद घेतला. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब धरून वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. खालच्या शिक्क्यावरची तारीख त्यांनी बोट ठेवून बघितली. कागदाची नीट चौकोनी घडी केली.

"आत येऊ का, काकू?" मी विचारलं.

"आज नको," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.