नऊ बायकांची लावणी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दर्शनाबाई शिवगण परीक्षेच्या वर्गातले बाक सरळ करत होत्या. रत्नागिरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्या अर्थशास्त्र शिकवतात. आज बारावीची तोंडी परीक्षा, परीक्षक बाहेरचे, आणि मृणाली धनावडेचा प्रकल्प पाठ्यपुस्तकाशी भांडणारा. "पोरीचे वीस मार्क घालवाल, बाई," असं उपप्राचार्यांनी कालच बजावलं होतं. प्रकल्प बाईंनीच करायला लावला होता.

सुरुवात छुप्या बेकारीपासून झाली. पुस्तकातलं उदाहरण सगळ्यांना पाठ: शेतावर पाच जण राबतात, दोघांना काढलं तरी उत्पन्न तेवढंच, म्हणजे ते दोघे छुपे बेकार. जुलैत मृणालीने घरच्या भातलावणीत नऊ बायका मोजल्या आणि ठरवलं, एवढ्या शेताला तिघी पुरेत, म्हणजे यातल्या सहा छुप्या बेकार. वर आईला तसं सांगितलंही.

"मी बेकार? मग उद्या चिखलात तुझ्या पुस्तकाला उतरव," आई, सगुणा, म्हणाली. "आज ह्या आपल्याकडे आल्या, उद्या आम्ही सगळ्या गंगूच्या शेतात. तिथंही बेकारच काय गो?"

पोरगी तोंड पाडून बाईंकडे आली. बाई लांज्याकडच्या शेतकरी घरातल्या. कामाची ही परतफेड त्यांनी लहानपणापासून पाहिलेली, पण धडा शिकवताना ती कधी आठवली नव्हती. "एक शेत सोड, अख्खी वाडी मोज," त्या म्हणाल्या. लावणी संपेपर्यंत मृणाली त्या नऊ जणींच्या मागे फिरली.

आज परीक्षकांनी तो प्रकल्प चाळला. "म्हणजे पुस्तक चुकलं म्हणतेस?"

"नाही सर. पुस्तकात एकच घर, एकच शेत आहे. आमच्याकडचे बाप्ये मुंबईला. नऊ घरांच्या नऊ बायका मिळून नऊ शेतं लावतात. एकाच शेतात मोजलं तर सहा जास्तीच्या वाटतात. पण नऊतली एक, माझी काकी, तापाने पडली, तेव्हा सगळ्या वाडीची लावणी मागे पडली."

"आई काय म्हणाली यावर?"

"म्हणाली, आता बेकारभत्ता तेवढा मागायचा राहिला."

परीक्षक खो खो हसले. वीसपैकी वीस दिले आणि स्वतःच्या वर्गात शिकवायला प्रकल्पाची प्रत मागून घेतली. दाराला कान लावून उभ्या पोरांनी टाळ्यांनी व्हरांडा दणाणून सोडला. दर्शनाबाईंनी कुणालाही गप्प केलं नाही. तशाच त्या उपप्राचार्यांकडे नवा अर्ज घेऊन गेल्या.

"आता कुणाची नोकरी मोजणार?"

"या वेळी मासळी, सर."

सही झाली. उद्या अकरावीचा मागणी-पुरवठ्याचा तास सकाळी साडेसातला बंदरावर, मासळीच्या लिलावात भरेल.