रपट्याजवळचं वळण

आमच्या गावाहून बेल्याले जाणारा रस्ता अर्धा डांबरी हाय अन् अर्धा काळ्या मातीचा. उन्हाळ्यात काईच वाटत नाई, धूळ उडते तेवढी. पावसाळ्यात त्या मातीचं लोणी होते, पाय ठेवला का पाय दुसरीकडंच जाते. त्याच रस्त्यानं मले शाळेचे पोट्टे घेऊन जा लागे, आमच्या व्हॅनमधी, अन् माही पोरगी बी त्यातच.

मी काई डायवर नाई. सातवी शिकली, मंग शाळा दूर पडे म्हणून घरच्यायनं बसवली. गाडी ह्यायची, म्हणजे माह्या नवऱ्याची. जुनी व्हॅन हाय, इंजन समोरच्या सीटखाली, मागची चाकं ढकलते अन् पुढची नुसती वळते. हे रोज गावातले पोट्टे बेल्याच्या शाळेत नेत अन् आणत, त्याच्यावरच आमचं घर चाले. उन्हाळ्यात गंमत म्हणून गायरानात मले गिअर टाकाले शिकवलं होतं, कच्चं लायसन बी काढून देलं होतं, फोटोत मी अशी दिसते जसं कोणी धरून आणली.

आषाढात हे मोटरसायकलवरून पडले. डावा पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. दुसरा डायवर ठेवा म्हणलं तं सासूबाई म्हणे, "चाबी दुसऱ्याले देली का पोट्टे बी त्याचेच होतील, मंग बस तू दारात." खरंच होतं थे. धाकटं बाळ तवा अंगावर पेत होतं, त्याले सासूबाईपाशी ठेवून मी सीटवर बसली. उघाड होती तवरक कशी तरी गेली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधी, मागून बैलगाडी आली तरी तिले पुढं जाऊ देत.

मंग पावसाची झड लागली.

नाल्यावर रपटा हाय, त्याच्या अलीकडं वळण हाय, तिथी सगळी गोष्ट अडली. रपटा म्हणजे पाण्यातून जायची शिमिटाची पट्टी, कठडा नाई काई नाई. रस्ता सरळ येते अन् एकदम उजवीकडं वळून रपट्यावर चढते. चिखलात पुढची चाकं वळवली तरी गाडी वळतच नाई, ती सरळच जाते, अन् सरळ म्हणजे डाव्या अंगाचा खोल नाला. ब्रेक मारला तं अजून लवकर जाते. थांबून हळूच वळू म्हणलं तं थांबल्यावर चाक जागीच फिरते, गाडीत तेवढी ताकद नाई. हे कसं जात होते मी कदी पाह्यलंच नव्हतं, मी घरी राहो.

"तिथी गाडीचं शेपूट घुमवा लागते," हे बाजेवरून म्हणे.

"घुमवा लागते म्हणजे?"

"मुद्दाम घसरवाची. पुढून वळत नाई तं मागून वळवाची. तोंड आपसूक रपट्याकडं होते."

मी म्हणलं, "अवो, लोक घसरू नोये म्हणून गाडी शिकते."

ह्यायनं मले मोबाईल दाखवला. कुठल्या तरी देशातल्या गाड्या, धूर काढत आडव्या-आडव्या पळून राह्यल्या होत्या, बाजूनं लोक टाळ्या वाजवून राह्यले. "हे पाय. ड्रिफ्ट म्हणते याले. लोक शौकानं करते."

"त्यायच्या गाडीत पोट्टे असते काय?"

ह्यायनं मोबाईल उलटा ठेवून देला.

मंग गायरानात शिकवणी सुरू झाली. गाडीत ह्यायचा पाय मावे ना, म्हणून खुर्ची टाकून, पाय दुसऱ्या खुर्चीवर, वर छत्री, अन् हे तिथून वरडत. मागच्या सीटवर ह्यायनं शेजाऱ्याकडून मुरमाच्या गोण्या टाकून घेतल्या होत्या. मले वाटलं, कुठी नेऊन द्याच्या असतील. मी इचारलं नाई, ह्यायनं सांगतलं नाई.

"पयले पळव. दुसऱ्यात पळव. हिच्यात टर्बो-गिर्बो काई नाई, नाकानं जेवढी हवा घेते तेवढाच दम. वळणात गेल्यावर मागशीन तं भेटत नाई, जे घ्याचं थे आधीच घे."

मी पळवे अन् मले माहाच दम पुरे ना. तोंड उघडं टाकून मी श्वास घेवो, ब्लाऊज ओलं होऊन जाय. भेवानं दूध उतरते हे मले तवा समजलं, कोणी आधी सांगतलं नव्हतं.

"आता स्टेरिंग वळव, हँडब्रेक वढ. जरासा. सोड. रेस दे. अवं रेस दे, ब्रेकवर कायले पाय ठेवून राह्यली?"

"घसरून राह्यली ना थे."

"घसरू दे. घसरायसाठीच तं वढला. शेपूट जिकडं जाते तिकडं स्टेरिंग फिरव."

हातानं उलटं करा लागते अन् जीव म्हणते सुलटं कर. मागची बाजू निघून चालली का पोटातलं सारं एका अंगाले जाते, झोका वर गेल्यावर दोर सुटल्यावानी. मी डोळे मिटून घेवो. हे दुरून वळखत, म्हणत, "डोळे उघड." निंदणाले जाणाऱ्या बाया वाटेवर थांबून पाहत. एक म्हातारी आत्याबाई म्हणे, "काय वं, गाडीले चक्कर आली काय तुह्या?"

"गाडीले नाई आत्या, मलेच."

"मंग लिंबू दे की तिच्या तोंडात," म्हणे, अन् बाया हासत गेल्या.

पण जमाले लागलं. गाडी आडवी होय, मी स्टेरिंग उलटं फिरवो, अन् तोंड बरोबर तिथी येऊन उभं राहे जिथी ह्यायनं काठी गाडून घेतली होती. हे खुर्चीवरून मान हलवत. मले वाटलं, आता जाईन मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी झड होतीच. गोण्या काढून पोट्टे भरले, निघाली. वळण दिसलं अन् मले बाप आठवला. माह्या बापाच्या घरी बैलगाडी होती. गाडी चिखलात फसली का बाप म्हणे, उतरा सारे, वझं हलकं करा. लहानपणापासून तेच पाह्यलं. अन् खरं सांगाचं तं मले वझ्याचं बी पडलं नव्हतं, गाडी नाल्यात गेली तं एकटी मी जावो, पोट्टे नोको, एवढंच डोक्यात होतं. मी गाडी लांबच उभी केली अन् सगळ्यायले उतरवलं. आठवीतली एक पोट्टी होती, तिले सांगतलं, "एकमेकायचे हात धरा अन् पऱ्हाटीच्या वावराच्या कडंकडंनं रपट्यापाशी बाजूले जाऊन उभे राहा."

"काकू, मोजे खराब होतीन."

"होऊ दे. जा."

ते निघाले. एकाची चप्पल चिखलात राह्यली, थो लंगडत चालला, बाकीचे त्याले हासून राह्यले. माही पोरगी मधात, दप्तर डोक्यावर. ते पोचले तसं मी गाडी काढली, दुसऱ्यात पळवली, हँडब्रेक वढला, जसं गायरानात वढे तसंच.

शेपूट थांबलंच नाई. मी उलटं फिरवलं, रेस देली, चाकं नुसती वरच्या वर फिरली, धरतच नव्हती, गाडी पुरी घुमली अन् तोंड गावाकडं झालं. मागचं एक चाक नाल्याच्या काठावरून खाली उतरलं अन् गाडी तिरपी होऊन थांबली. काचेतून नुसतं आभाळ दिसे. मी हालली बी नाई, हालली तं गाडी जाईन असं वाटे. तिकून पोट्टे आधी हासले, मंग गप्प झाले. मंग माह्या पोरीचा आवाज आला, आई म्हणून, अन् मले तिच्याकडं पाहता बी येत नव्हतं, पाठ होती तिच्याकडं.

ट्रॅक्टर आलं तवा वढून काढलं. पोट्टे तवरक भिजून गेले होते, शाळा राह्यलीच. गावात आल्यावर पोट्ट्यायच्या आया दारात.

"आमच्या लेकरायले चिखलात चालवाले गाडी लावली काय तुमची? चालतच जायचं तं तुमी कायले पायजे?"

मी मान खाली घालून उभी. सासूबाई आतून बाळाले घेऊन आली, माह्या हातात देलं अन् म्हणे, "उपाशी हाय. तुह्या गाडीपाई."

ह्यायले सगळं सांगतलं. हे आयकत राह्यले अन् मंग म्हणे, "पोट्टे काऊन उतरवले?"

"मंग काय करू? जाऊ देले असते नाल्यात?"

"अवं, गायरानात मी गोण्या कायले टाकल्या होत्या? मागच्या चाकावर वजन पायजे. वजन असन तं चाक माती धरते. पोट्टे बसलेले असतीन तं ती जेवढी पायजे तेवढीच घसरते. रिकामी गाडी कागदावानी उडते."

मी बाळाले पाजत होती. मले ते समजाले जरा येळ लागला.

"म्हणजे पोट्टे म्हणजे गोण्या होय काय?"

"मी तसं नाई म्हणलं."

"तसंच म्हणलं."

"बरं, तसंच म्हणलं. गोण्या टाकल्या तं पोट्टे बसतीन कुठी? सांग ना."

मी बाळाले दुसऱ्या अंगाले घेतलं. हे प्लास्टरवर नखानं रेघा वढत बसले. मंग खाली पाहूनच म्हणे, "अन् आपल्या पोरीले समोर नोको बसवू. समोर वजन नोको. तिले बी मागं."

तोपर्यंत माही पोरगी माह्या बाजूले बसे. माहा डावा हात गिअरवर, मधात-मधात तिच्या गुडघ्यावर. तेवढाच मले आधार.

दुसऱ्या दिवशी तिले मागं बसवली. ती रडली, माह्यासंग बोलली नाई. मी मोठाल्या पोट्ट्यायले मागच्या सीटवर घेतलं, बारक्यायले मधात, सांगतलं, समोरच्या दांड्याले धरा, सोडू नोका. वळण आलं. पळवली. मनात एकच, उतरव, उतरव, अन् पाय रेसवर. स्टेरिंग वळवलं, हँडब्रेक वढला, सोडला. मागची बाजू निघाली, पोट्ट्यायसकट निघाली, मले आरशात त्यायचे डोके सारे एका अंगाले जाताना दिसले, माह्या पोरीचं रिबन दिसलं. मी उलटं फिरवलं. अन् चाकानं माती धरली. मले सीटखालून समजलं, धरली म्हणून. तोंड रपट्याकडं झालं, गाडी खोकत-खोकत वर चढली.

मागं एकच गिल्ला. "काकू, अजून एक डाव. काकू, वापस घ्या ना." त्यायले पाळण्यात बसल्यावानी वाटलं. माही पोरगी बी हासून राह्यली होती. मी पलीकडं गाडी उभी केली अन् दार उघडून वकली.

शाळेत पोचली तं काचेपर्यंत चिखल. तिथली शिपाई बाई तेलुगू बोलते, गाडी पाहून म्हणे, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा." म्हणजे हळू ये. तिले कसं सांगू, हळू आली तं येताच येत नाई.

मंग रोजच. सवय होते म्हणतात, मले झाली नाई. हाताले झाली, पोटाले नाई. पण पाहणाऱ्याले काय दिसते, गाडी जाते अन् येते. ज्या आया भांडल्या त्याच म्हणाले लागल्या, बाई लय हुशार हाय, गड्यायले जमत नाई तिथून काढते. वळणावर मुरूम टाका म्हणून मी पंचायतीत सांगाले गेली तं तिथला गडी म्हणे, "गाडी जाऊन राह्यली ना तुमची? मंग कायची घाई. उघाड पडू द्या." मी जेवढी बरोबर घसरवो तेवढा थो रस्ता चांगला होत जाय, लोकायच्या हिशोबानं.

मी दिवस काढे ते प्लास्टर निघासाठी. पोळा झाल्यावर प्लास्टर कापलं. आतून पाय निघाला थो वाळक्या लाकडावानी. हे त्याच दिवशी सायंकाळी चाबी घेऊन गाडीत बसले, मी अंगणात बाळाले घेऊन उभी. मले येवढं हलकं वाटे. ह्यायनं क्लच दाबला, पाय अर्ध्यात थरथरला अन् सुटला. गाडीनं धक्का खाल्ला, बंद पडली. पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. गिअर करकरला. हे उतरले, चाबी तिथंच लावून ठेवली.

"उद्या पाहू," म्हणे.

मी म्हणलं, "हाव, उद्या." अजून थो उद्या आला नाई, डाक्टर म्हणते मालिश करा, होईन.

पाऊस वापस लागला. परवा आमच्या आळीतली एक बाई सकाळी तिच्या पोट्ट्याले घेऊन आली, पयलीतला. थो बापाच्या मोटरसायकलवर जाय, पण मडगार्डमधी चिखल दाटून मोटरसायकल जागची हालेना. बाई त्याचा भांग पाडून, पावडर लावून घेऊन आली होती.

"तुमी हाय म्हणून पाठवून राह्यली वैनी," म्हणे. "दुसऱ्या कोणासंग नसता पाठवला."

मले म्हणाचं होतं, नोका पाठवू. म्हणाचं होतं, घरी ठेवा त्याले झड उघडेपर्यंत, मी माही बी ठेवली असती जर ठेवता आली असती तं. तोंडापर्यंत आलं. पण थो पोट्टा माह्याकडं पाहून राह्यला होता अन् मी त्याच्याकडं. गुबगुबीत होता. अन् माह्या मनात पयले काय आलं तं हे आलं का याचं वजन चांगलं हाय, याले मागं डाव्या बाजूले बसवलं तं बरं पडन, त्या बाजूचं चाक लय सुटते.

बाई काई समजली नाई, ती त्याची कॉलर सारखी करून राह्यली होती.

मी तिले म्हणलं, "डब्बा देला काय?"

"देला," म्हणे.

मी दार सरकवलं अन् त्याले मागं, डाव्या बाजूले बसवलं.